कारण क्रमांक सतरा

४ मार्च

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

फोनवर आपण बोलतो कमी आणि भांडतो जास्त, म्हणून पत्र. कागदावर निदान माझं वाक्य तुला मधेच तोडता येणार नाही.

आधी बातमी. महिनाभर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतंय. जेवलं की कळ, कळ आली की घाम. मी आपली दवाखान्यांच्या धुलाईघरातल्या वाफेला दोष देत होते. शेवटी सोनोग्राफी केली. पोटावर यंत्र फिरवणाऱ्या बाई आधी पडद्याकडे बघत होत्या, मग हातातल्या जुन्या नोंदीच्या कागदाकडे, मग परत पडद्याकडे. शेवटी त्यांनी मला विचारलं, की तुमचं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी काढलेलं असताना इथे दिसतंय कसं. दिसतंय, आणि खड्यांनी भरलेलं आहे. महिना-दोन महिन्यांत काढून टाका, नाहीतर सुजेल, असं त्यांनी बजावलं.

मागोमाग तुमच्या विमा कंपनीचं पत्र आलं. शस्त्रक्रिया नामंजूर. कारण क्रमांक सतरा, सदर अवयव यापूर्वीच काढण्यात आला आहे. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना कळ आली.

आता खरं सांगते, बसून वाच. तुला चिमणी आठवते? माझ्याबरोबर चादरी घड्या करते ती, पाच फुटांची आणि आवाज दहा फुटांचा. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. नऊ वर्षं असंच चाललंय. मी कायम नोकर, म्हणून माझ्याकडे विम्याचं कार्ड. ती कंत्राटी, म्हणून तिच्याकडे फक्त चादरीचं टोक. तीन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयात खडे झाले आणि ती कपड्यांच्या ढिगावर आडवी पडली. मी कार्ड तिच्या हातात ठेवलं. आमच्याकडे डबा, छत्री, चप्पल सगळं एकमेकींचं चालतं, तसंच हेही दिलं. कार्डावरच्या फोटोत मी कुणीही दिसते. नदीपलीकडच्या खाजगी दवाखान्यात ती चार दिवस माझ्या नावाने झोपली. मी भेटायला गेले तेव्हा नर्सने नाव पुकारलं आणि आम्ही दोघींनी ओ दिली. इतक्या हसलो, की तिचे टाके दुखले.

तर असं आहे. तिचं गेलं आणि कागदावर माझं गेलं. तू अकरा वर्षं त्याच कंपनीत दावे तपासतोस. काय करू ते सांग. खोटं करायला सांगत नाहीये, फक्त वाट विचारतेय.

मुलीचा दमा कसा आहे? वहिनीला सांग, तिने शिवलेली पिशवी अजून टिकून आहे.

माया होती तेवढी आहे, तुझ्याकडची राखून ठेव.
तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं ही पहिली चूक. पाणी प्यायला उठावं लागलं.

ताई, तू केलंस त्याला फसवणूक म्हणतात. डबा आणि छत्री नाही म्हणत. विमा म्हणजे सगळ्यांनी भरलेला एक हंडा. ज्याने भरला त्यानेच त्यातून प्यायचं. आज तू दिलंस, उद्या दुसरी देईल, मग हंड्याचा तळ दिसायला वेळ लागत नाही. हे मी तुला रागाने नाही, समजावून सांगतोय. राग वेगळा आहे, तो खाली आहे.

वाट आहे, एकच. त्या दवाखान्याच्या दाखल खिडकीवर जी बाई बसते, तिने कार्डाचा नंबर चुकीचा टाकला असं आपण म्हणायचं. तू एका ओळीचं निवेदन लिहून दे, की मी तिथे कधीच दाखल झाले नव्हते. ते खरंच आहे. बाकीचं मी बघतो. चार-पाच आठवड्यांत जुनी नोंद खोडली जाईल आणि तुझं काम होईल. मला खोडरबर म्हणतेसच, एकदा तुझ्या कामी येतो.

आणखी एक. सगळ्यांना सरकारी विमा द्यावा का, यावर जी समिती बसली आहे, तिच्या २९ तारखेच्या जाहीर सुनावणीत तुमच्या संघटनेने तुला बोलायला उभं केलं आहे असं कानावर आलं. कृपा करून जाऊ नकोस. आमचे वकील तिथे असतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?

मुलगी बरी आहे. फवारा दिवसातून दोनदा लागतो, तोही माझ्याच कार्डावर. तुझी वहिनी म्हणते, ताईंना म्हणावं तेलकट खाऊ नका.

राग शमला की लोभ पूर्ववत होईल, तोवर उधारीवर चालवून घे.
तुझा धाकटा


१७ मार्च

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ., आणि एक धपाटाही.

निवेदन लिहायला बसले होते. पहिला शब्द झाला आणि खिडकीतली ती बाई डोळ्यांपुढे आली. चिमणीला दाखल करायला नेलं त्या दिवशी तिने चिमणीकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, परत चिमणीकडे बघितलं. मग शिक्का मारला आणि म्हणाली, की लवकर वर न्या हिला, रंग बघा कसा झालाय. तिला सगळं कळलं होतं रे. आता त्या बाईची नोकरी घालवून मी माझं पोट साफ करून घेऊ? कागद फाडला. तुझी वाट तुलाच लखलाभ.

हंड्याचं म्हणतोस, तर ऐक. ज्याला तहान लागण्याची शक्यता कमी त्याला आधी रांगेत घ्यायचं, ज्याचा घसा कोरडा पडलाय त्याला विचारायचं की आधीपासून कोरडा होता का, आणि होता म्हटलं की हाकलायचं. हा कसला हंडा? मी आणि चिमणी एकच चादर धरतो. एकच वाफ दोघींच्या छातीत जाते. रुग्णांच्या कपड्यांतून जे काही येतं ते दोघींच्या हाताला लागतं. मग चादरीच्या एका टोकाला विमा आणि दुसऱ्या टोकाला नाही, हे ज्याने ठरवलं तो फसवणारा, की मी?

मागल्या महिन्यात आमच्या गल्लीत आग लागली. बंब आला. त्याने कुणाचं कार्ड बघितलं नाही. ज्याने कर भरला त्याचं घर विझवतो, शेजारचं जळू दे, असं म्हटलं असतं तर गल्लीने त्याला उचलून आगीत टाकलं असतं. आग पसरते हे सगळ्यांना कळतं. आजार पसरतो हे का कळत नाही? चिमणी खोकली तर मीच समोर असते. सगळ्यांनी भरायचं, ज्याला जमेल तेवढं, आणि ज्याचं दुखेल त्याला मिळायचं. एवढंच मागतोय. आकाशातला चंद्र नाही मागत.

तुला आठवतं, बाबांनी कुलपं दुरुस्त करायच्या पकडीने स्वतःची दाढ उपटली होती? स्टुलावर बसून, आरशासमोर. आपण दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की आपले बाबा शूर. मग एक दिवस कळलं, की शूर नव्हते, दुसरी सोय नव्हती. त्या टाळ्यांची अजून लाज वाटते मला.

मी २९ तारखेला जाणार आणि खरं सांगणार. कार्ड मी दिलं, म्हणून सांगणार. तुझं नाव घेणार नाही. चिमणी पोलिसांत जाऊन सगळं आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती. तिला म्हटलं, आधी तेवढी गाडी रिकामी कर, चाळीस चादरी आहेत.

वहिनीला सांग, तेल बंद, तूप बंद, चवही बंद.

रागावलास तरी आपला म्हणून राग.
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
न. वि. वि.

शिरसाष्टांग लिहायची लायकी राहिली नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर मी तुझी फाइल काढली. दाव्यांच्या फायली आमच्याकडे नावाशिवाय येतात. नंबर, वय, आजार, जुनी नोंद. नाव नसलं म्हणजे तपासणारा निःपक्ष राहतो, असं आम्हाला शिकवलंय. टेबलावर काचेखाली चाळीस कारणांची यादी असते. बरोबर बसेल ते कारण उचलायचं आणि फाइल पुढे. एका फाइलला चार मिनिटं.

ताई, कारण क्रमांक सतरा मी लावलं होतं. सही माझी आहे. दिनांक १९ फेब्रुवारी, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. बावन्न वर्षांची बाई, वारंवार तीव्र पोटदुखी, असं वर लिहिलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा असेन. त्या दिवशी वाढदिवसाचा केक होता कुणाचातरी, म्हणून हात जरा भरभर चालले.

तरीही मी तुला हात जोडून सांगतो, सुनावणीला जाऊ नकोस. माझी बहीण आहे हे कळायला त्यांना एक दिवस लागेल. माझी नोकरी गेली, की माझं कार्ड जातं, आणि कार्ड गेलं, की मुलीचा फवारा. तिला दमा जन्मापासून आहे. दुसरी कुठलीही कंपनी तिला घेणार नाही. यादीतलं कारण क्रमांक तीन, आजार आधीपासून होता. ते मी हजारदा लावलंय. इकडे आड तिकडे विहीर झालीय माझी. तू बोललीस तर माझी पोर, गप्प बसलीस तर तू.

रात्रंदिवस तोच आकडा दिसतो. लोभ मागायचं धाडस नाही.
धाकटा


३० मार्च

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ., आणि या वेळी मनापासून.

आधी तुझ्या सतराव्या कारणाबद्दल. दोन दिवस मी तुझ्यावर जळफळले. तिसऱ्या दिवशी चिमणीला सांगितलं, तर ती इतकी हसली, की तिच्यापाठोपाठ मलाही हसू फुटलं. सख्ख्या भावाने बहिणीचं पित्ताशय खोडलं! लहानपणी माझी चित्रं खोडायचास, त्यातलाच प्रकार. पण एक सांगू? मी नसते, दुसरी कुणी असती, तर तुला कधी कळलंही नसतं. तिच्या भावाने तुला पत्र लिहिलं नसतं. ते तेवढं मनाला लावून घे. माझं सोड.

आता कालचं. सभागृहात पंखे होते पण फिरत नव्हते. तुमच्या वकिलांनी तासभर हंड्याचीच गोष्ट सांगितली. तुझ्यापेक्षा बरी सांगितली. मग माझं नाव आलं. पदराचं टोक घट्ट धरलं. मी सांगितलं, की मी कार्ड दिलं, हो, माझंच, माझ्या हाताने, आणि उद्या परत अशीच कुणी कपड्यांवर पडली तर परत देईन. सगळ्यांकडे कार्ड असतं तर मला चोरी करावी लागली नसती. वकील उठले आणि म्हणाले, की ही बाई स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करते आहे, शिवाय हिच्या म्हणण्याला पुरावा काय, हिचं पित्ताशय तर नोंदीप्रमाणे नाहीच. सभागृह हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की नोंदीप्रमाणे काढलेलं पित्ताशय मग कुणाचं.

तेवढ्यात मागून चिमणी उठली. मी तिला येऊ नको म्हणून बजावलं होतं. तिने तिचा तो दहा फुटी आवाज लावला आणि सांगितलं, की व्रण माझ्या पोटावर आहेत, चार आहेत, बायका असतील त्यांनी आडोशाला येऊन मोजून घ्यावेत. अध्यक्षबाई खरंच उठल्या रे. आत गेल्या, बघून आल्या, आणि कारकुनाला म्हणाल्या, की लिहून घ्या, चार.

शेवटच्या रांगेत खांबामागे एकजण बसला होता. टोपी होती, पण घाम पुसायला काढली, आणि तो टकलाचा गोल मी कुठेही ओळखते. माझं बोलून झाल्यावर मान वर केली तोवर खुर्ची रिकामी. आलास हे पुष्कळ झालं. तुझं नाव मी घेतलं नाही.

माझं कार्ड आज सकाळीच काढून घेतलंय. नोकरीवर चौकशी बसलीय. सरकारी दवाखान्याच्या यादीत नाव घातलंय, नंबर जूनमध्ये येईल. कळ आता बसायला देत नाही, पण उभ्याने घड्या करता येतात.

तुझ्या पोरीला मला विसरू देऊ नकोस.
ताई


१३ एप्रिल

ताईंचे धाकटे बंधू यांस,
स. न. वि. वि.

मी चिमणी. तुमच्या बहिणीचं नाव चार दिवस वापरलेली. माझं अक्षर वाईट आहे, सवय नाही.

परवा दुपारी ताई चादरीचं टोक धरून उभ्या होत्या आणि टोक सुटलं. नऊ वर्षांत कधी सुटलं नव्हतं. अंग तापलेलं, डोळे पिवळे. आम्ही चौघींनी कपड्यांच्या गाडीत घालून त्यांना सरकारी दवाखान्यात ढकलत नेलं, तीन रस्ते ओलांडून. जूनचा नंबर दाखवला. डॉक्टर म्हणाले, की आता नंबर लागत नाही, आता हे तातडीचं आहे. म्हणजे फुटायला आलं, की दार उघडतं. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि तीही दुखणाऱ्याच्या पोटात.

माझ्या वेळी चार भोकं पाडली होती आणि चौथ्या दिवशी मी घरी. यांना वीतभर चिरावं लागलं, कारण आत सगळं सुजलेलं. एक रात्र डॉक्टर दर तासाला येऊन बघत होते. आता शुद्धीवर आहेत. पहिलं काय विचारलं माहितीये? चादरी कुणी घड्या केल्या.

दादा, तुम्ही मोठे आहात, शिकलेले आहात, मी काय सांगू? पण माझ्यासाठी त्यांनी एका कार्डाचा विचार केला नाही. तुम्ही इतके दिवस करताय.

चुकलं असेल तर पोटात घाला, माझ्या पोटात आता जागा आहे.
चिमणी


१४ एप्रिल ते २० एप्रिल (तुकड्या-तुकड्यांत)

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी आलो होतो, तू झोपलेली होतीस. पायाशी बसलो. तुझ्या टाचा बाबांसारख्याच भेगाळल्या आहेत हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. चिमणीने माझ्याकडे न बघता स्टूल पुढे सरकवलं.

आता जे लिहितोय ते परत वाचणार नाही, वाचलं तर खोडेन. सोमवारी मी टेबलावरची काच उचलली, खालची यादी काढली, चाळीसच्या चाळीस कारणं, आणि समितीच्या कार्यालयात नेऊन दिली. सोबत निवेदन लिहिलं. मी दावे तपासतो. आजार खरा आहे का, हे बघणं माझं काम नाही, कारण शोधणं हे माझं काम. कारण क्रमांक सतरा मी माझ्या बहिणीला लावलं आणि मला ते कळलं नाही. माणसं अशी तपासता येत नाहीत. खाली सही केली, पूर्ण नावाने. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नावाने केली.

मंगळवारी मला घरी पाठवलं. कार्ड गेलं. फवाऱ्याची एक बाटली शिल्लक आहे. तुझ्या वहिनीला रात्री सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की पुढच्या सुनावणीला मुलीला घेऊन जायचं का, ती खोकली तर समितीला ऐकू तरी जाईल. मी या बाईबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि ही कोण आहे ते मला माहीत नव्हतं.

सुनावणी परत २ मेला आहे. आमचे, म्हणजे त्यांचे, वकील म्हणताहेत, की बहीणभावाने मिळून रचलेली ही कहाणी आहे. नोंदीत तुझं पित्ताशय नाही म्हणजे नाही. सरकारी दवाखान्याचा कागद त्यांना मान्य नाही. पुरावा आणा म्हणतात. मला भीती वाटते ताई, पण ती आता जुन्या भीतीपेक्षा हलकी आहे.

लोभ मागतोय, या वेळी हक्काने.
तुझा खोडरबर


२६ एप्रिल

चि. बाळास,
अ. उ. आ.

खोडरबर म्हणणं आजपासून बंद. आता तू शाईने लिहायला लागलास.

टाके काढले. वीतभर रेघ आहे, चिमणीच्या चार टिकल्यांपेक्षा भारी. ती म्हणते, बायका मोजायला गेल्या तर ताईंचं मोजावं लागणार नाही, मापावं लागेल. नोकरीची चौकशी चालू आहे. धुलाईघरातल्या साठ कायम बायकांनी लिहून दिलंय, की ताईला काढणार असाल तर आम्हीही आमची कार्डं आजवर कुणाकुणाला दिली ते सांगतो. कायम बायकांपैकी एकीनेही मागे पाऊल घेतलं नाही. साहेबांनी ते कागद वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

पोरीच्या फवाऱ्याचं ऐक आणि वाद घालू नकोस. आमच्यातल्या एका कायम बाईच्या मुलाला तोच लागतो. तिच्या कार्डावरच्या दोन बाटल्या चिमणी घेऊन येतेय. हो, परत तेच. जोवर सगळ्यांना मिळत नाही तोवर आम्ही हेच करणार, आणि २ तारखेला हेही सांगणार. लपवून करत होतो तेव्हा गुन्हा होता. सगळ्यांसमोर सांगून केला, की त्यांनाच विचार करावा लागेल, की साठ बायकांना कुठे ठेवायचं.

मी येणार आहे. डॉक्टर नको म्हणाले, मी हो म्हटलं. तू बोल, मी शेजारी बसेन. अडखळलास तर अडखळ, वाक्य मधेच सोडू नकोस.

आणि पुरावा मागतात ना? या पत्रासोबत चिमणी तुला औषधाची एक छोटी बाटली देईल. बूच घट्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला दाखवायला आणली, ती मी मागून घेतली. आत अकरा खडे आहेत, एक करवंदाएवढा. माझ्या नसलेल्या पित्ताशयातले आहेत. वकिलांच्या टेबलावर ठेव आणि सांग, की हात लावून बघा, आणि तुमच्या चाळीस कारणांतलं कुठलं बसतं ते शोधा. वेळ लागला तरी चालेल, चार मिनिटांची घाई नाही.

लोभ आहे, वाढतोच आहे, आणि तो कुणाच्या कार्डावर नाही.
तुझी ताई